काही नको

काका : तुझा मेसेज ग्रुपवर वाचला. ‘नाताळला कोणाला काय हवं ते १५ तारखेच्या आत लिहा, उपयोगाचंच लिहा, दोन हजारांच्या आत लिहा.’ बाई गं, ही नाताळची भेट आहे की शाळेचं मागणीपत्र? मी पस्तीस वर्षं डेडस्टॉक रजिस्टर लिहिलंय, मागणीपत्राशी माझं काही वैर नाही. पण मागणीपत्र टाकल्यावर जे येतं त्याला आम्ही पुरवठा म्हणायचो, भेट म्हणत नव्हतो. मी लिहिणार ‘चार जोड मोजे’, तू मागवणार, पुडकं हातात आल्याबरोबर मला ठाऊक की आत चार जोड मोजे. मग तो चकचकीत कागद गुंडाळायचा तरी कोणासाठी? माझे मोजे मी आणतो, तुझं तू आण, २५ तारखेची उपासना झाली की देवळाबाहेर हात मिळवू आणि आपापल्या घरी करंज्या खाऊ. दोन हजार तुझेही वाचले, माझेही वाचले. आणि दुसरं म्हणजे मागायची लाज वाटते. आपल्या घरात मागण्याला ‘हात पसरणं’ म्हणतात. तुझा आजा नगरच्या बोर्डिंगात फुकट शिकला, पण मरेपर्यंत कोणाकडे हात पसरला नाही त्याने. त्याच्या नातीने मागण्याला मुदत घालून द्यावी?

पुतणी : काका, तुमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात तीन लेमनसेट आहेत. मागच्या दिवाळीत माळ्यावरचं काढताना मीच मोजले. एकाची सेलोटेपसुद्धा सुटलेली नाही. शेजारी स्टीलचा डबा आहे, त्यावर ‘यांजकडून सप्रेम भेट’ एवढंच वाचता येतं. ‘यांज’च्या आधीचं नाव कोणीतरी काथ्याने घासघासून घालवलंय. म्हणजे तो डबा आपल्याकडे येण्याआधी आणखी एका घरात जाऊन आलाय. हे सगळं न मागता आलेलं. याला भेट म्हणायचं असेल तर म्हणा, मला तो तुमच्या रजिस्टरातला डेडस्टॉकच दिसतो. आणि हे मी नवीन सांगत नाही. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली येल विद्यापीठातल्या मुलांना विचारलं, की नाताळला मिळालेली वस्तू देणाऱ्याला कितीला पडली असेल, आणि तीच तुम्ही स्वतःच्या खिशातून कितीला घेतली असती? दोन आकड्यांत दहाव्या हिश्शापासून एक तृतीयांशापर्यंत तूट निघाली. ती तूट देणाऱ्याला मिळाली नाही, घेणाऱ्यालाही नाही; हवेत गेली. आणि ऐका, मित्रांच्या भेटीत तूट कमी होती. जास्त कोणाच्या? आजीआजोबांच्या आणि काका-मामांच्या.

काका : त्याने ‘भावनेची किंमत’ धरली होती का?

पुतणी : नाही. ती सोडूनच सांगा, असं विचारलं होतं.

काका : म्हणजे लग्नाचा हिशेब मांडला आणि नवरदेव वगळला! अगं, भेटीतून भावना काढल्यावर जे उरतं ते दुकानातच होतं की. त्याला घरी आणायची गरज काय होती? तुला एक गोष्ट सांगतो, ती त्या येलवाल्याला कळवून टाक. तुझी आजी लहानपणी मुलींच्या बोर्डिंगात होती. नाताळच्या आधी परदेशातून कपड्यांचं खोकं यायचं आणि मॅडम त्यातून एकेक वस्तू वाटायच्या. एका वर्षी तिच्या वाट्याला लोकरीचे हातमोजे आले. जांभळ्या रंगाचे. नगरची थंडी कितीही कडक म्हटली तरी हातमोजे घालून कोण बसतं? त्यात भाकरी थापता येत नाही, झाडू धरता येत नाही. तिने काय केलं, रोज रात्री कंदिलाजवळ बसून ते उसवले. बोटाबोटातून लोकर ओढून तिचा गुंडा केला आणि धाकट्या भावासाठी कानटोपी विणली. ती टोपी मी पाहिलीय. अंगठ्याच्या जागची लोकर जरा फिकी होती, म्हणून टोपीवर फिका पट्टा आला होता. तुझ्या यादीच्या हिशेबात त्या हातमोज्यांची किंमत शून्य. आमच्या घरात त्या टोपीइतकी जुनी गोष्ट दुसरी नाही.

पुतणी : मला ती गोष्ट ठाऊक आहे, काका. आजी मलाही सांगायची. फक्त तिचा शेवट ती वेगळा करायची. ती म्हणायची, ‘उसवता उसवता मी रडायचे, कारण मला चपला हव्या होत्या.’ तुम्हाला टोपी दिसते, मला रोज रात्री बसून उसवणारी नऊ वर्षांची मुलगी दिसते, जिला त्या अख्ख्या बोर्डिंगात एका माणसाने विचारलं नाही की तुला काय पाहिजे. देणारी बाई कुठेतरी सातासमुद्रापार, तिच्या डोळ्यांपुढे तिच्या गावचा बर्फ. तिने मनापासून विणले असतील हातमोजे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ‘येईल ते घ्यावं, तोंड वर करून मागू नये’ हे शहाणपण कोणी कोणाला शिकवलं ते पाहा ना. देणाऱ्यांनी घेणाऱ्यांना शिकवलं. आजोबांनी हात पसरला नाही हे खरं. पण पसरायची सोयही नव्हती, हे तितकंच खरं.

काका : चपलांचं मला नव्हतं सांगितलं तिने.

पुतणी : तुम्ही विचारलं नसेल.

काका : असेल. पण तूच आता माझ्या हातात कोलीत दिलंस. चूक कुठे झाली? तिने मागितलं नाही ही नव्हे. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही, ही चूक. अनवाणी पोरगी समोर उभी असताना तिला चपला हव्यात हे कळायला यादी लागते का? आपला संत निकोलस घे, ज्याचा पुढे त्या सांताक्लॉजने पार सर्कशीतला विदूषक केला. आत्ताच्या तुर्कस्तानातल्या मिरा गावचा बिशप. एका कंगाल बापाच्या तीन मुली हुंड्यावाचून अडल्यात हे त्याला समजलं, आणि त्याने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकेकीसाठी एकेक. त्या घराने चिठ्ठी पाठवली नव्हती. त्याने त्यांचं नाव फोडलं नाही, स्वतःचंही कळू दिलं नाही. गरज ओळखायची ती अशी. लाज राखून.

पुतणी : मोठी उपयोगी भेट होती, आधी ते मान्य करा. त्याने लेमनसेट टाकला नाही खिडकीतून, रोख टाकली. आहेराचं पाकीटच ते! आणि माझा मुद्दा पुढे नेणारे तर मागी लोक आहेत. सोनं, ऊद, गंधरस. बाळ गव्हाणीत, बाळंतीण परगावात, आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक आणतात ऊद! एक जरी बाई त्या काफिल्यात असती तर दुपटी आणि डिंकाचे लाडू आले असते.

काका : पाळकांसमोर बोलू नकोस हे. त्यांचा अर्थ वेगळा आहे. आणि सोनं पुढे मिसरात पळून जाताना कामी आलं असेल, असं सांगतात.

पुतणी : सांगतात, म्हणजे पाळकांनाही शेवटी सोन्याचा उपयोग दाखवावा लागतोच! असू दे. तुमचा ‘पाहिलं पाहिजे’ हा मुद्दा मात्र मला पटतो, आणि म्हणूनच त्यातली मेख दाखवते. पूर्वी आपल्या घरात विचारावं लागत नव्हतं, बरोबर? का लागत नव्हतं? आत्या होती म्हणून. कोणाच्या पायाला किती नंबर, कोणाचा स्वेटर कोपरात विरलाय, कोणाच्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचा कपलर झिजलाय, कोणाच्या कुकरची रिंग ढिली झालीय, सगळं तिच्या डोक्यात. डिसेंबर लागला की ती कापडबाजारात एकटी तीन चकरा मारायची. पुरुषमंडळींना २५ तारखेला पुडकं उघडताना कळायचं की आपण कोणाला काय दिलंय. तुम्ही ज्याला ‘न मागता ओळखणं’ म्हणता ना काका, ते एका बाईचं वर्षभराचं काम होतं. हजेरीपट नसलेलं. आता आत्या नाही. तिची जागा यादीने घेतलीय, एवढंच. मला सांगा, आत्याला नाताळला काय मिळायचं?

काका : ... ब्लाउजपीस.

पुतणी : कोणता ते सांगू? मोरपंखी, बारीक बुट्टीचा. आपल्याकडून नेवाशाला गेला आणि दोन वर्षांनी नेवाशाहून परत आला. तिने ओळखला आणि हसली.

(इथे काका थोडे थांबले असणार. असले संवाद लिहिताना शंकेखोर बाजूला उत्तर सुचत नाही तेव्हा लिहिणारा झटकन विषय बदलतो. मीही बदलला असता, पण काकांनी बदलू दिला नाही.)

काका : हे मला लागलं, नाकारत नाही. आत्याचं ऋण आहे आमच्यावर. पण उपाय म्हणून जे सांगतेस त्याने ते काम वाटलं गेलं का? माझ्या मते ते संपलं. आत्याला माहीत असायचं की अमक्याचा स्वेटर विरलाय, कारण ती त्याच्या घरी जायची, शेजारी बसायची, कोपराकडे नजर टाकायची. यादी आल्यावर तेवढी नजर टाकायचीही गरज उरली नाही. तू पुण्यात, ताई न्यू जर्सीत, सगळ्यांनी आपापलं लिहायचं, बोट लावायचं, माल घरपोच. मी आजारी आहे की आनंदात, हे न कळताच तू मला अचूक वस्तू देऊ शकतेस. अचूकपणा वाढला, ओळख कमी झाली. तुझ्या ऑफिसात तो सीक्रेट सँटा असतो ना, चिठ्ठी काढून पाचशे रुपयांचा मग द्यायचा, तिथे हे ठीक आहे. तिथे ओळख नसतेच. घरात कशाला?

पुतणी : आपल्या घरातही यादी होतीच, काका, फक्त तिला यादी म्हणत नव्हते. माझ्या लग्नात मामाने कपाट, धाकट्या काकांनी मिक्सर, चुलत मावशीने कुकर, हे कोणी ठरवलं? आईने फोनवर बसून एकेकाला वाटून दिलं, म्हणजे तीन मिक्सर यायला नकोत. शिकागोच्या मार्शल फील्ड्स दुकानाने १९२४ साली नवऱ्यामुलीची पसंती नोंदवून ठेवायची पद्धत काढली, ती हीच. पत्रिकेत आपण ‘आहेर आणू नये’ छापतो आणि कोपऱ्यात वही घेऊन एकाला बसवतो! विचारणं हा परकेपणा वाटत असेल तर मग ताईने सांगितलेलं ऐका. अमेरिकेच्या टपालखात्यात सांताच्या नावाने आलेली पत्रं पूर्वी निकालात काढत. १९१२ साली पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी ती पोस्टातल्या माणसांना आणि गावातल्या लोकांना उघडून उत्तरं द्यायची मुभा दिली. आता नाव-पत्ता झाकून ती इंटरनेटवर ठेवतात, कोणीही एक पत्र उचलून त्या घराला सामान पाठवू शकतो. ताईने गेल्या वर्षी एक उचललं. तिला वाटलं खेळणं असेल. पोराने मागितले होते स्वतःसाठी बूट आणि बहिणीसाठी थंडीचा कोट. दोघांचंही माप लिहिलं होतं. ताईने पाठवले आणि ते बसले असणार. माप लिहिलं होतं म्हणून बसले! आजीच्या खोक्यात असा एक कागद टाकायची सोय असती तर?

काका : तर चपला मिळाल्या असत्या. हो. मात्र त्या पोराचा विचार कर. ज्या वयात दुसरी पोरं सायकल मागतात त्या वयात याला स्वतःच्या पायाचं माप पाठ आहे, कारण घरात कोणाला बूट आणायची ऐपत नाही, हे त्याला समजून चुकलंय. ‘उपयोगी भेट’ म्हणून तू ज्याचं कौतुक करतेस ते कधीकधी असं असतं बघ. ज्यांना बाकी सगळं मिळतं त्यांची उपयोगी वस्तू हा शहाणपणाचा थाट असतो, आणि ज्यांना नसतं त्यांची ती गरज असते. गरज भागवणं आणि भेट देणं ही एकच गोष्ट आहे का? आपल्याकडे नाताळचे नवे कपडे बाप आणायचा. त्याला भेट कोणी म्हणत नव्हतं, तो हक्क होता. भेट म्हणजे वरचं. करंजीतल्या बेदाण्यासारखं.

पुतणी : आइसलंडमध्ये हे दोन्ही एकच आहे. तिथे एक नाताळचा बोका सांगतात, घराएवढा. नाताळपर्यंत ज्याच्या अंगावर एकही नवं वस्त्र चढलं नाही, त्याला तो खातो. योहान्नेस उर कोत्लुम या कवीने १९३२ साली त्याच्यावर कविता लिहिली तेव्हापासून तो घराघरात पोचला. गोष्टीमागचं कारण असं सांगतात, की शरदातली लोकर नाताळच्या आत कातून-विणून झाली पाहिजे. ज्याने काम केलं त्याला नवं वस्त्र, आळशाला बोका. म्हणून तिथे मोजे ही चेष्टेची भेट नाही. मोजे दिले म्हणजे तुला वाचवलं!

काका : बोका फार धाकाचा झाला. गरिबालाच खाणार तो.

पुतणी : म्हणून तर शेजाऱ्याने गरिबाला मोजे द्यायचे. पण तुम्हाला आवडेल अशी पद्धत नेदरलँड्सची आहे. तिथे ५ डिसेंबरच्या रात्री सिंटरक्लास, तुमचा तोच संत निकोलस. घरातले सगळे चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव आलं त्याची यादी तुम्हाला मिळते. हो, तिथेही यादी असतेच, लाजत नाहीत. पण वस्तू तशीच द्यायची नाही. ती कशात तरी दडवायची, म्हणजे पुठ्ठ्याचा कुकर करायचा आणि त्यात मोजे लपवायचे. आणि सोबत यमक जुळवून कविता लिहायची, घेणाऱ्याच्या वर्षभरातल्या फजितीवर. सही करायची सिंटरक्लास म्हणून. घेणाऱ्याने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. माझी एक मैत्रीण एंडहोवनला असते, तिला पहिल्या वर्षी यादीत लिहिलेली छत्रीच मिळाली. सोबत सोळा ओळी, विषय एकच : ती दर पावसात बस चुकवते.

काका : हे बरं आहे. म्हणजे वस्तू तुझी आणि उखाणा माझा. आता मला एक कळलं. मला यादीचा राग नाही; यादीवर काम संपतं याचा राग आहे. सोळा ओळी लिहायच्या तर त्या माणसाकडे वर्षभर पाहावंच लागेल. छत्री मागता येते, पण ‘तू बस चुकवतेस हे मला माहीत आहे’ हे कसं मागणार?

पुतणी : बरोबर. आणि मी माझ्या बाजूने एक कबूल करते. ग्रुपवर यादी मागवली तेव्हा सोळा जणांची उत्तरं आली. पोरांनी इअरफोनपासून सगळं लिंकसकट लिहिलं. दादाने मोबाइलची पॉवर बँक, वहिनीने चांगली सुरी. सहा जणांनी एकच लिहिलं : ‘काही नको.’ सहाच्या सहा जण साठीच्या पुढचे. त्यांत काकू एक.

काका : ती तेच लिहिणार. ते सौजन्य आहे.

पुतणी : सौजन्य असेल, पण मला ती परीक्षा वाटते. ‘काही नको’चा अर्थ ‘ओळखा पाहू.’ ओळखलं नाही तर वर्षभर मनात, आणि ओळखलं तर ‘कशाला गं उगीच.’ याद्या करणाऱ्यांची हीच तर हार आहे. ज्यांना खरोखरच काही लागतं तेच मागत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढलाय, ऐकू कमी येतं, रात्री उठताना दिवा लांब पडतो, हे कोण लिहील यादीत? आणि न विचारता दिलं तर तो अपमान. श्रवणयंत्र कागदात गुंडाळून नाताळच्या झाडाखाली ठेवून पाहा. म्हणजे मागायची पद्धत तिथे लंगडी, आणि तुमची ओळखायची पद्धतही तिथेच लंगडी. काका, गेल्या महिन्यात काकू न्हाणीत पडली ना?

काका : तुला कोणी सांगितलं?

पुतणी : कोणी नाही. उपासनेला आली तेव्हा प्रभुभोजनाचा पेला तिने डाव्या हाताने घेतला.

काका : ... कोणाला बोलू नकोस म्हणाली. काही मोडलं नाही, नुसता मुका मार. फरशी गुळगुळीत झालीय, आणि धरायला काही नाही. तिथे भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घ्यावा, हे माझ्याही मनात येऊन गेलं. पण तू आणून लावलास तर ती तुला घोटभर चहा विचारणार नाही. म्हणेल, मला म्हातारी ठरवलं.

पुतणी : मग तुम्ही मागा. तुमच्या यादीत, तुमच्या नावाने.

काका : म्हणजे म्हातारा मी ठरायचं? ग्रुपवर? सोळा जणांसमोर?

पुतणी : अमेरिकेतल्या त्या पोराने बुटाचं माप लिहिलं, काका.

काका : त्याला लाज कळायची होती अजून... बरं, लिही. पण मोज्यांच्या खाली लिही, मोजे आधी. आणि दांडा तिच्या हाताच्या उंचीला हवा, माझ्या नाही. ती माझ्या खांद्याला लागते.

पुतणी : खांदा म्हणजे किती? प्लंबर इंच विचारेल.

काका : मोजून सांगतो. ती भजनाच्या सरावाला गेली की टेप लावतो.

पुतणी : आणि परत आल्यावर विचारलं, न्हाणीत टेप घेऊन काय करत होतात, तर?

काका : नळ गळतोय म्हणेन. गळतोच आहे दोन महिने.

पुतणी : मग तोही घालू का यादीत?